हिरव्या ठिपक्याआडचे दूध

गणेशोत्सव असो, दिवाळी असो की एखाद्या घरची सत्यनारायणाची पूजा, दारात आलेल्याच्या तळहातावर प्रथम पडते ते तीर्थ. पंचामृताच्या त्या चमचाभर द्रवात दूध, दही, तूप, मध आणि साखर असते. पाचांपैकी तीन पदार्थ दुधाचे. पाठोपाठ द्रोणात येतो तो रवा, तूप, साखर आणि दूध सव्वाच्या मापाने घेऊन केलेला शिरा. ते नाकारणे हा केवळ यजमानाचाच नव्हे, तर देवाचाही अवमान समजला जातो. ज्या मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, त्याच्या आईला मात्र नेमका हाच चमचा अडवावा लागतो. ‘एवढ्याशा तीर्थाने काय होते?’ हा प्रश्न तिला दर सणाला ऐकावा लागतो आणि त्याचे खरे उत्तर समोरच्याला पटत नाही. एवढ्याशा तीर्थानेही होते, पुष्कळ होते.

दुधाचे वावडे असलेल्यांची भारतातील अडचण ही मुळात पर्यायी पदार्थांच्या टंचाईची नाही. दुधाविना स्वयंपाक महाराष्ट्राला अपरिचित नाही. अडचण आहे ती माहितीची. ताटात किंवा पाकिटात दूध आहे की नाही, हे खात्रीने सांगणारी व्यवस्था देशात फार उशिरा आली आणि आली तीही निम्म्या वाटेपर्यंत. पाकीटबंद पदार्थांवर आज दुधाची नोंद करावी लागते. परंतु भारतीय माणूस जे खातो त्यातील मोठा भाग पाकिटातून येत नाही. तो मिठाईच्या परातीतून, लग्नाच्या पंगतीतून, उपाहारगृहाच्या तव्यावरून आणि शेजारच्या घरातून येतो. तेथे कायदा पोहोचत नाही आणि पोहोचतो तेथेही त्याची भाषा अनेकांना कळत नाही.

पचत नाही आणि चालत नाही

या विषयातील पहिला गोंधळ शब्दांचा आहे. ‘मला दूध पचत नाही’ असे म्हणणारे प्रत्येक घरात एखाददुसरे असतात. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आतड्यात दुग्धशर्करा, म्हणजे लॅक्टोज, फोडणारे विकर वयानुसार कमी झालेले असते. परिणामी पोट फुगते, गुडगुडते, जुलाब होतात. त्रास खरा असतो, पण तो जिवावर बेतत नाही. अशा व्यक्तीला दही बहुधा चालते, थोडे ताक चालते, लॅक्टोजविरहित दूध तर हमखास चालते. भारतीय प्रौढांमध्ये ही स्थिती इतकी सर्रास आढळते की तिला आजार म्हणावे की नाही, हाच प्रश्न पडावा.

अ‍ॅलर्जीचे तसे नाही. तेथे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा दुधातील प्रथिनांना शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडते. केसीन हे त्यांपैकी मुख्य प्रथिन. त्याखेरीज दूध नासल्यावर उरणाऱ्या निवळीतील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन आणि अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन ही प्रथिनेही तेवढीच त्रासदायक ठरतात. दूध पोटात गेल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ आणि पापण्या सुजतात, उलट्या होतात. प्रकरण गंभीर असेल तर श्वासनलिका आवळते आणि रक्तदाब कोसळतो. या अवस्थेला वैद्यक अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणते. तान्ह्या मुलांमध्ये याचा दुसरा, संथ प्रकारही आढळतो. त्यात काही तासांनी किंवा दिवसांनी वांत्या, शौचावाटे रक्त, वजन न वाढणे अशी लक्षणे दिसतात आणि रक्ताच्या नेहमीच्या अ‍ॅलर्जी चाचण्यांत काहीच सापडत नाही.

हा भेद पुस्तकी नाही. लॅक्टोज काढून टाकलेल्या दुधात प्रथिने जशीच्या तशी असतात. पोटाच्या तक्रारींसाठी आणलेले ते महागडे दूध अ‍ॅलर्जी असलेल्या नातवाला ‘हे तर चालेल’ म्हणून प्रेमाने दिले जाते, तेव्हा शब्दांचा गोंधळ धोक्याचा होतो. दही आणि ताक आंबवलेले असते, पण केसीन शाबूत असते. केसीन उष्णतेला दाद देत नाही. त्यामुळे उकळलेल्या दुधाने काही साधत नाही. तूप कढवताना दुधाचा घन भाग बेरीच्या रूपाने तळाशी राहतो हे खरे, पण वरच्या तुपात प्रथिनांचा अंश उरत नाही असे छातीठोकपणे सांगता येत नाही. तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्याला तूपही वर्ज्यच मानावे लागते. वरणभातावरची ती धार बंद करणे मराठी घराला सर्वांत जड जाते, हे वेगळे सांगायला नको.

ठिपका काय सांगतो?

पाकिटावरचा हिरवा ठिपका भारतीय ग्राहकाच्या अंगवळणी पडून आता दोन दशके उलटून गेली. शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थ ओळखता यावेत म्हणून २००१ च्या सुमारास ही खूण सक्तीची झाली आणि ती कमालीची यशस्वी ठरली. निरक्षर माणूसही ती वाचतो. मात्र तिच्यामागील व्याख्या फार थोड्यांना ठाऊक असते. प्राण्यापासून मिळणारा पदार्थ तो मांसाहारी असे म्हणताना कायद्याने दूध, दुधाचे पदार्थ आणि मध यांना स्पष्ट अपवाद केले आहे. देशातील बहुसंख्य शाकाहारी दूध घेतात, तेव्हा ही व्याख्या स्वाभाविकच होती. परिणाम असा की, अन्नाबद्दल भारतीय डोळा जी एकमेव खूण सहज वाचतो, ती दुधाबद्दल पूर्ण मौन बाळगते. किंबहुना हिरवा ठिपका म्हणजे ‘निर्धोक’ असा अर्थ मनात ठसलेला असल्याने ती दिशाभूलही करते.

याचे नमुनेदार उदाहरण म्हणजे बिनअंड्याचा केक. शाकाहारी घरांच्या सोयीसाठी शहरोशहरी ‘एगलेस’ केकची चलती झाली. अंड्याचे काम भागविण्यासाठी त्यात अनेकदा घट्ट आटवलेले दूध किंवा दही घातले जाते. म्हणजे जो केक एका घराला अधिक ‘शुद्ध’, तोच दुसऱ्या घरातील मुलाला अधिक घातक. वाढदिवसाला बोलावलेल्या वीस मुलांपैकी एकाला दूध चालत नाही, हे यजमानांना माहीत असते. म्हणून ते आवर्जून ‘एगलेस’ मागवतात! दोन वर्ज्ये मनात एकच होऊन बसली की असे घडते.

दुधाची सक्तीची नोंद आली ती बऱ्याच नंतर. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनी अ‍ॅलर्जीकारक घटकांच्या आठ गटांची यादी करून ते पाकिटावर स्वतंत्रपणे जाहीर करण्याचे बंधन घातले. ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, अंडी, मासे, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि सल्फाइट यांच्या जोडीला दूध व दुग्धजन्य पदार्थ त्या यादीत आहेत. घटक असेल तर ‘कंटेन्स’, आणि कारखान्यातील समाईक यंत्रांमुळे अंश मिसळण्याची शक्यता असेल तर ‘मे कंटेन’, अशा त्या ओळी. २०२२ पासून त्या बाजारात नियमाने दिसू लागल्या. अमेरिकेने असाच कायदा २००४ मध्ये केला होता, हे पाहता उशीर झाला. पण झाले ते चांगलेच झाले. पूर्वी घटकांच्या बारीक छपाईत ‘व्हे पावडर’, ‘सोडियम केसिनेट’, ‘मिल्क सॉलिड्स’ असे शब्द हुडकावे लागत. आता निदान एका ठिकाणी पाहता येते.

तथापि ही ओळ कोणत्या भाषेत? नियमाप्रमाणे लेबलवरील सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत चालतो. राज्याची भाषा ऐच्छिक आहे. बहुतेक उत्पादक इंग्रजीच वापरतात, तीही नजरेला ताण देणाऱ्या आकारात. शहरातील नोकरदार आईबाप ती वाचतात, पण दुपारी शाळेतून आलेल्या मुलाला बिस्किटाचा पुडा फोडून देणारी असते आजी किंवा कामाला येणाऱ्या मावशी. हिरवा ठिपका त्यांना वाचता येतो, ‘कंटेन्स मिल्क’ येत नाही. एका ठिपक्याने जे साधले ते दुधाच्या बाबतीत अशक्य होते असे मानण्याचे कारण नाही. पेल्याचे छोटे चित्र पुरले असते.

अलीकडे ‘व्हीगन’ पदार्थांचे हिरवे चिन्हही आले आहे. त्यासाठी २०२२ मध्ये वेगळे नियम झाले. दुधाचे वावडे असलेली कुटुंबे साहजिकच या मांडणीकडे वळतात. त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ‘व्हीगन’ ही मुळात प्राणिज घटक जाणूनबुजून न वापरण्याची ग्वाही आहे, अ‍ॅलर्जीपासून अभयाची नव्हे. ब्रिटनमध्ये २०१७ च्या डिसेंबरात दुधाची तीव्र अ‍ॅलर्जी असलेली एक महिला दूधविरहित समजून घेतलेली पोळीची गुंडाळी खाऊन मरण पावली. त्यातील नारळाच्या दह्यात दुधाचे प्रथिन मिसळलेले होते, असे २०२२ मधील न्यायालयीन चौकशीत निष्पन्न झाले. दही नारळाचेच होते. त्याच्या एका घटकाला आधीच्या टप्प्यावर दुधाचा स्पर्श झाला होता. त्यामुळे चिन्ह कोणतेही असो, ‘मे कंटेन’ची ओळ वाचल्यावाचून गत्यंतर नाही. केकवर फासण्याच्या ‘नॉन-डेअरी’ म्हणविणाऱ्या काही क्रीममध्येही केसिनेट असते, ही त्यातलीच आणखी एक गोम.

परातीवरचे कार्ड

पाकिटाबाहेर पाऊल टाकले की वाट बिकट होते. मिठाईच्या दुकानातील सुट्या मिठाईच्या परातीवर ती कोणत्या तारखेपर्यंत खाण्यास योग्य आहे याचे कार्ड लावणे १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचे झाले. दुकानदारांनी प्रथम कुरकुर केली, पुढे कार्डे लागली. मोतीचूर, म्हैसूरपाक, काजूकतली, बेसनाचा लाडू यांत खवा आहे का, तूप आहे की वनस्पती तूप, दुधाचा हबका मारला आहे का, हे मात्र त्या कार्डावर नसते. विचारले तर गल्ल्यावरचा माणूस आत पाहतो, आतला माणूस ‘सब शुद्ध घी का है’ असे अभिमानाने सांगतो. त्याच्या दृष्टीने ती प्रशस्तीच असते. काजूकतली दुधाविना करता येते. पण ज्या कढईत तासापूर्वी पेढ्याचा खवा परतला, तीच धुऊन वा नुसती पुसून घेतली असेल, तर पाकक्रियेला काही अर्थ उरत नाही.

उपाहारगृहांच्या बाबतीत नियम आहे, पण त्याचे जाळे विरळ आहे. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनाच पदार्थातील उष्मांकांबरोबर अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती देणे बंधनकारक आहे. लग्नसमारंभांना जेवण पुरविणारे केटरर्स आणि वर्षातून ६० दिवसांहून कमी काळ चालणारी ठिकाणे त्यातून वगळली आहेत. म्हणजे पिझ्झाच्या साखळी दुकानात, जेथे चीज आहे हे शेंबड्या पोरालाही कळते, तेथे फलक आहे. नाक्यावरच्या उडप्याकडे, खाऊगल्लीतल्या गाडीवर आणि मंगल कार्यालयात, जेथे दूध दिसत नाही पण असते, तेथे काही नाही.

ते कोठे कोठे असते? पावभाजीच्या तव्यावर लोण्याची वडी विरघळलेली असतेच, आणि त्याच तव्यावर ‘बिनलोण्याची’ म्हणून वेगळी भाजी परतली जाते. डोसा तेलावर घातला तरी उलथने आधीच्या लोणी-डोशाचे. तंदुरी कोंबडी आणि बिर्याणीचे मटण दह्यात मुरवलेले. नानच्या पिठात दही वा दूध. ‘पंजाबी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लाल-पांढऱ्या रश्शांत साय. पंगतीत कोशिंबिरीचा डाव चटणीत जातो, मठ्ठ्याचा पेला मसालेभाताच्या ताटात लवंडतो. निरोगी माणसाला हे कधी दिसत नाही. दिसण्याचे कारणही नाही.

ग्राहकाने सांगितले तरी भागत नाही, याचा दाखला पुन्हा ब्रिटनचाच. लंडनमध्ये २०१७ साली १८ वा वाढदिवस साजरा करण्यासाठी कुटुंबासह जेवायला गेलेल्या तरुणाने आपल्याला दूध चालत नसल्याची कल्पना दिली होती. त्याने मागविलेली कोंबडी ताकात मुरवलेली निघाली. तो त्याच सायंकाळी दगावला. मेनूवर ताकाचा उल्लेख नव्हता. त्या देशात सुट्या खाद्यपदार्थांविषयीही माहिती देण्याचे बंधन युरोपीय नियमांमुळे २०१४ पासून होते. असे असताना हे घडले. जेथे बंधनच नाही तेथे काय घडत असेल, आणि कोणत्या नावाखाली नोंदले जात असेल, याचा विचार करावा. ‘अन्नातून विषबाधा’ किंवा ‘दम्याचा तीव्र झटका’ ही दोन नावे पुष्कळ काही पोटात घालू शकतात.

भारतात हा प्रश्न किती जणांचा, याचा काहीसा अंदाज कर्नाटकात झालेल्या ‘युरोप्रिव्हॉल’ प्रकल्पाच्या पाहणीतून येतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार प्रौढांमध्ये अन्नाच्या संभाव्य अ‍ॅलर्जीचे प्रमाण १.२ टक्के होते आणि त्यात गाईचे दूध अग्रक्रमात होते, सुमारे अर्धा टक्का. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. मुंबईएवढ्या शहराला तो लावून पाहिला तर आकडा काही दहा हजारांत जातो. एका राज्याचे प्रमाण दुसरीकडे तंतोतंत लागू होत नाही, हे मान्य करूनही तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

चाचणीचा कागद

त्याच पाहणीतील दुसरा आकडा अधिक बोलका आहे. रक्तचाचणीत कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्धची प्रतिपिंडे २६.५ टक्के लोकांत सापडली होती. म्हणजे चाचणीचा कागद ‘आहे’ म्हणतो त्यांच्यापैकी फारच थोड्यांना खरोखर अ‍ॅलर्जी असते. ही बाब शहरी वाचकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. कारण घरी येऊन रक्त नेणाऱ्या आणि शंभर-दोनशे पदार्थांची रंगीत यादी धाडणाऱ्या चाचण्यांचे पेव शहरांतच फुटले आहे. त्यांपैकी ‘आयजीजी’ प्रकारच्या चाचण्यांना अ‍ॅलर्जीच्या निदानात स्थान नाही, असे जगभरच्या तज्ज्ञ संस्था सांगत आल्या आहेत. ती प्रतिपिंडे अन्न खाल्ल्याची खूण असतात, अन्न न सोसल्याची नव्हे. निदान होते ते नीट विचारलेल्या इतिहासातून, त्याला जोडून केलेल्या त्वचेच्या किंवा ‘आयजीई’ चाचणीतून, आणि शंका उरली तर रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली दूध थोडे थोडे देऊन पाहण्यातून.

अकारण बंद केलेले दूध हेही नुकसानच आहे, म्हणून हा तपशील महत्त्वाचा. शिवाय लहानपणची दुधाची अ‍ॅलर्जी बहुतेकांत वयाबरोबर ओसरते. ज्यांना दूध चालत नाही अशा मुलांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांना पिठात मिसळून बराच वेळ भाजलेले, म्हणजे केक-बिस्किटातले, दूध सोसते, असेही आढळले आहे. हे घरी करून पाहायचे प्रयोग नव्हेत. पण दर वर्षा-दोन वर्षांनी तज्ज्ञाकडून फेरतपासणी न करता एकदा लागलेला शिक्का जन्मभर वागवणे, हेही योग्य नाही.

गाय नको, मग शेळी?

दूध बंद म्हटले की घरातील वडीलधाऱ्यांकडून पहिला उपाय येतो तो शेळीच्या दुधाचा. मग म्हशीचा, देशी गाईच्या ‘ए-टू’ दुधाचा. शेळी, मेंढी, म्हैस आणि गाय यांच्या दुधातील प्रथिने एकमेकींशी इतकी मिळतीजुळती असतात की, गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या दहांपैकी नऊ मुलांना शेळीचेही चालत नाही. ‘ए-वन’ आणि ‘ए-टू’ यांच्यात तर बीटा-केसीनच्या साखळीतील एका अमिनो आम्लाचा फरक आहे. अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने तो नगण्य. गंमत अशी की, ज्या उपायाला शहरी माणूस हसतो त्यालाच थोडा आधार आहे. मराठवाड्याच्या गावांतून चमच्याच्या मापाने गाढविणीचे दूध विकणारे फिरतात. गाढविणीच्या दुधाची प्रथिने गाईपेक्षा बरीच वेगळी असून इटलीतील अभ्यासांत अनेक अ‍ॅलर्जिक मुलांनी ते सोसले आहे. अर्थात दारावरचे कच्चे दूध तान्ह्या बाळाला पाजणे हे वेगळ्या संकटाला निमंत्रण. शिवाय त्यात स्निग्धांश इतका कमी असतो की त्यावर मूल वाढणार नाही.

तान्ह्या बाळासाठी आईचे दूध थांबवण्याची गरज क्वचितच असते. आईने घेतलेल्या दुधाचा अंश तिच्या दुधातून बाळाला बाधत असेल, तर डॉक्टर तिला दुग्धजन्य पदार्थ काही आठवडे वर्ज्य करून पाहायला सांगतात. बाळंतिणीच्या आहारात तूप, खीर, डिंकाचे तुपातले लाडू यांचा मारा असतो, तेव्हा हा सल्ला सासर-माहेर दोन्हीकडे बंडासारखा वाटतो. ओला नारळ आणि गूळ घालून केलेले अळिवाचे लाडू या प्रसंगी उपयोगी पडावेत. वरचे दूध देणे भागच असेल तर प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली किंवा निव्वळ अमिनो आम्लांची खास पावडर लागते, आणि ती सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जाते. बदाम, ओट किंवा तांदळाचे पेय हा एक वर्षाखालील बाळाला पर्याय नव्हेच. त्यात प्रथिने नाममात्र असतात. सोयाबीनच्या पेयात ती असतात. पण दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या काही बाळांना सोयाबीनही बाधते.

मोठ्या मुलांच्या बाबतीत चित्र आशादायक आहे. भारतात दरडोई दररोज उपलब्ध दूध १९५०-५१ मध्ये १३० ग्रॅमच्या आसपास होते. २०२३-२४ मध्ये ते ४७१ ग्रॅमवर गेले. १९७० मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन फ्लड’ने दूध घरोघर पोहोचवले, ही मोठीच कामगिरी. पण त्याआधीच्या पिढ्या काय खात होत्या? भाकरी, पिठले, आमटी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, पालेभाज्या. कोकण-गोव्यात नारळाच्या रसातली कालवणे आणि सोलकढी. या ताटात दुधाचा थेंब नाही. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, दुधात तेवढ्याच वजनाला १२०. एका मध्यम भाकरीला साठ ग्रॅम पीठ धरले तर ती पेलाभर दुधाच्या बरीच जवळ जाते. नाचणीतील सर्व कॅल्शियम शरीर शोषून घेत नाही. मोड आणून दळल्यास ते अधिक लागू पडते. तीळ याहून समृद्ध, मात्र सालासकट. पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात साल गेल्याने कॅल्शियमही गेलेले असते. काट्यासकट खाल्ली जाणारी मांदेली हा मत्स्याहारी घरांचा आणखी एक आधार.

तरीही हिशेब सहज जुळत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी प्रौढांसाठीचे कॅल्शियमचे दैनंदिन प्रमाण २०२० मध्ये ६०० वरून १००० मिलिग्रॅम केले. एवढे भाकरीतून रोज गाठायचे तर आहार आखूनच घ्यावा लागतो. आणि कॅल्शियमपेक्षाही नाजूक जागा दुसरी आहे: बी-१२ जीवनसत्त्व. ते वनस्पतींत नसते. अंडी, मासे, मांस खाणाऱ्या घरात दूध गेले तरी ते मिळत राहते. अंडेही न खाणाऱ्या घरात त्याचा एकमेव नैसर्गिक स्रोत दूध हाच असतो. तो बंद झाल्यावर मूल वरवर गुटगुटीत दिसते, आणि कमतरता महिनोन्‌महिने आत पोखरत राहते. अशा घरांत बी-१२ चे औषध वा ते मिसळलेले पदार्थ ही चैन नव्हे, आहाराचाच भाग आहे. ‘दूध बंद करा’ एवढेच चिठ्ठीवर लिहून देणारा सल्ला म्हणूनच अपुरा ठरतो.

शाळेच्या दप्तरातील सुई

मुलाचे सहा-सात तास शाळेत जातात. डब्यांची देवाणघेवाण हा शालेय जीवनातला निर्भेळ आनंद. तोच येथे जोखमीचा. ब्रिटनमध्ये १९९८ ते २०१८ या काळातील मृत्यूंचा अभ्यास २०२१ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शाळकरी मुलांच्या अन्नजन्य अ‍ॅनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंत सर्वाधिक वाटा कोणत्याही एका पदार्थाचा असेल तर तो गाईच्या दुधाचा, २६ टक्के, असे त्यातून दिसले. शेंगदाण्याची भीती जगाला ठाऊक आहे. दुधाची कोणाला वाटत नाही, हे त्याचे एक कारण असू शकते. लंडनच्या ग्रीनफोर्ड भागातील शाळेत २०१७ मध्ये एका मुलाने थट्टेने फेकलेला चीजचा तुकडा अंगावर पडून १३ वर्षांचा, दम्याचाही विकार असलेला मुलगा काही दिवसांनी दगावला. शाळेत ठेवलेल्या त्याच्या औषधाची मुदत उलटून गेली होती.

ते औषध म्हणजे अ‍ॅड्रेनलिन. श्वास कोंडू लागताच मांडीच्या स्नायूत टोचायचे इंजेक्शन. खाज थांबवणाऱ्या गोळ्या त्याची जागा घेऊ शकत नाहीत. झाकण काढून नुसते दाबायचे तयार पेन पाश्चात्त्य देशांत पालकांच्या खिशात असते. भारतात ते वर्षानुवर्षे सहजी मिळत नव्हते. पालक ते परदेशातील नातलगांकरवी आणवत, किंवा डॉक्टरांकडून शिकून घेऊन काचेची कुपी आणि सिरिंज बाळगत. कुपी स्वस्त आहे आणि तिची किंमत काही रुपयांच्या घरात असते. अडते ते शिक्षकांच्या हातापाशी. इंजेक्शन द्यायचे कोणी, दिले आणि काही झाले तर जबाबदार कोण, या प्रश्नांवर शाळा गप्प राहतात. प्रवेश अर्जावर रक्तगटाचा रकाना असतो. वावड्याचा बहुधा नसतो.

लहानसा तपशील येथे नोंदवण्याजोगा आहे. स्पेनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की ‘डस्टलेस’ म्हणून वापरल्या जाणाऱ्या काही खडूंत केसीन असते आणि दूध न चालणाऱ्या मुलांना त्याच्या कणांनी शिंका, खोकला, धाप लागू शकते. दम्याच्या काही कोरड्या पावडरीच्या इनहेलरमध्येही लॅक्टोजबरोबर दुधाच्या प्रथिनांचा अंश येऊ शकतो. दूध किती अनपेक्षित ठिकाणी वस्तीला असते, ते यावरून दिसावे.

राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची मिठाईच्या दुकानांवरील मोहीम दर वर्षी सणांच्या तोंडावर निघते. भेसळीचा खवा जप्त होतो, छायाचित्रे येतात. परातीवर तारखेचे कार्ड आधीच लावलेले आहे. त्यावर ‘दूध आहे’ किंवा ‘दूध नाही’ हे दोन शब्द मराठीत लिहायला नवीन कार्ड लागत नाही. केटररच्या करारपत्रात कोणत्या पदार्थात दूध, दही, तूप आहे याची यादी जोडायलाही नियमदुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही. मंगल कार्यालयांनी तशी अट घातली तरी पुरे. मुंबई-पुण्यातील काही घरांत पूजेच्या वेळी एका वेगळ्या वाटीत नुसते तुळशीचे पाणी ठेवले जाऊ लागले आहे. मागणाऱ्याला कारण विचारले जात नाही, आणि तळहात रिकामा राहत नाही.